दोरीवाचून झोका

आज एक रॅम्प बांधू. स्केटबोर्ड घेऊन उतरायचा, लाकडाचा, घराच्या मोकळ्या जागेत मावेल एवढा. करवत आणि ड्रिल नंतर कधीतरी हातात घ्या; आज बांधकाम फक्त मनात. मापं मात्र खरी घेऊ. मापं नसली की मन भलतीकडे भटकतं, मापं असली की त्याला टेकायला जागा मिळते. एकेक टप्पा वाचा, थांबा, समोर लाकूड दिसू लागलं की पुढे या.

आधी जागा. तुमच्या ओळखीची एखादी सपाट, मोकळी जागा आठवा. घराचं अंगण असेल, गच्ची असेल, सोसायटीच्या पार्किंगमधला गाडी न लागणारा कोपरा असेल. परदेशी राहत असाल तर गॅरेजसमोरचा ड्राइव्हवे असेल. त्या जमिनीवर पाणसळ ठेवा आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध स्थिरावेपर्यंत बघत राहा.

आता नजर जमिनीवरून सरकवत भिंतीपर्यंत न्या. जमीन संपते आणि भिंत सुरू होते तिथे काटकोन आहे. जमिनीवरून घरंगळत आलेलं काहीही तिथे आपटतं आणि थांबतं. आपल्याला बांधायचंय ते या काटकोनाच्या जागी बसणारं एक वळण. आडवा आलेला वेग न आपटता वर जावा, वर गेलेला वेग न आपटता खाली यावा, एवढंच त्याचं काम. स्केटबोर्डवाले ज्याला क्वार्टर पाइप म्हणतात तो हाच. त्या कोपऱ्याकडे थोडा वेळ पाहत राहा. तिथे आज काही नाही.

आता प्लायवूड. आठ बाय चारचं एक शीट, 18 मिलिमीटर जाड, जमिनीवर आडवं टाका. रॅम्प उघड्यावर राहणार असेल तर पाण्याला टिकणारं, आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय घ्या. रॅम्पच्या दोन्ही बाजू, माथ्यावरच्या दोन फुटांच्या सपाट जागेसकट, उलटसुलट मांडल्या तर याच एका शीटमधून निघतात. उंची 3 फूट, वळणाची त्रिज्या 6 फूट.

शीटची खालची लांब कड म्हणजे जमीन धरा. तिच्या एका टोकापाशी वळण सुरू होणार आहे. त्या टोकापासून, कडेशी काटकोनात, 6 फूट मोजा. शीट 4 फूटच रुंद आहे; म्हणजे वर्तुळाचं केंद्र शीटवर पडतच नाही. ते शीटच्या पलीकडे, 2 फुटांवर, मोकळ्या जागेत पडतं. तिथे लाकडाचा एक तुकडा घट्ट बसवून त्यावर खिळा ठोका. खिळ्याला दोरी बांधा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल. सुती दोरी ताणली की लांबते, म्हणून जाणते लोक दोरीऐवजी लांब रीप घेतात: एका टोकाला खिळा, बरोबर 6 फुटांवर पेन्सिलीपुरतं भोक. मनातली दोरी लांबत नाही. आपण दोरीच घेऊ.

पेन्सिल टेकवा आणि फिरवा. सावकाश. दोरी सैल पडू देऊ नका. सुरुवातीला रेघ कडेला चिकटूनच चालते. ती वळतेय हे कळतसुद्धा नाही. पहिल्या फुटात ती जेमतेम इंचभर उठते. दुसऱ्या फुटाअखेर चार इंच. तिसऱ्या फुटाअखेर साडेनऊ इंचांच्या थोडी वर. चौथ्या फुटाअखेर दीड फूट. आणि उरलेला दीड फूट ती पुढच्या चौदा-पंधरा इंचांत चढून जाते. दोरी मात्र सगळीकडे तेवढीच. पहिल्या इंचाला जी लांबी, तीच शेवटच्या इंचाला. चढ वाढत गेल्यासारखा वाटतो तो जमिनीवरून पाहणाऱ्याला. खिळ्याच्या जागेवरून पाहिलं तर रेघेत कुठेच काही बदललेलं नाही.

उंची त्रिज्येच्या निम्मी ठेवली आहे, त्यामुळे वरच्या टोकाला उतार बरोबर 60 अंशांचा झाला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रेघ पूर्ण झाली. दोरी सोडा. खिळा उपटा. इथे जरा जास्त वेळ थांबा.

वळणाचा प्रत्येक कण ज्या बिंदूनं ठरवला, तो बिंदू रॅम्पमध्ये कुठेच नसणार. शीटवर तो कधी नव्हताच. रॅम्प उभा राहील तेव्हा तो हवेत असेल, वळण जिथे सुरू होतं त्याच्या बरोबर वर, जमिनीपासून 6 फुटांवर. कोणी त्याच्याकडे बोट दाखवणार नाही. तरी रॅम्पवर चढणारं प्रत्येक चाक त्याच्यापासूनचं ठरलेलं अंतर राखूनच चालेल. आकार ठरवणारा आकारात नाही. हे वाक्य समजून घ्यायची घाई नको; त्या रिकाम्या हवेकडे फक्त एकदा पाहा.

असल्या वळणांचा इतिहासही याच चालीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची मुलं, समुद्रात चांगली लाट नसेल त्या दिवशी, चाकं लावलेली फळी घेऊन रस्त्यावर उतरत. चाकं कडक मातीच्या मिश्रणाची. बारीकसा खडाही त्यांना अडवून स्वाराला तोंडघशी पाडी. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यानं युरेथेनची चाकं आणली आणि चाक जमिनीला धरून चालू लागलं. पुढे 1976-77 मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. घरामागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. त्या तलावांचा तळ भिंतीला काटकोनात भिडत नव्हता, गोलाईनं मिळत होता. सँटा मोनिकाच्या झेफर नावाच्या स्केटबोर्ड चमूतल्या मुलांसारखी पोरं कुंपणांवरून उड्या टाकून अशा तलावांत उतरली आणि लाटेवर चढावं तशी भिंतीवर चढू लागली. ती गोलाई पाण्यासाठी बांधलेली. पाणी गेलं, गोलाई राहिली.

लाकूड आलं ते थोडं आधी, वेगळ्या वाटेनं. 1975 मध्ये सॅन डिएगोच्या उत्तरेकडची काही मुलं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जात. तिथल्या मोठ्या पाणी-प्रकल्पाचे 24 फूट व्यासाचे पाइप होते. मुलं त्यांत स्केटिंग करत. एन्सिनिटस गावचा टॉम स्टुअर्ट त्यांच्यातलाच. दर वेळी वाळवंट गाठणं परवडेना, तेव्हा त्यानं वास्तुविशारद भावाकडून नकाशा काढून घेतला आणि घरापुढच्या अंगणात लाकडी सांगाड्याचा हाफ पाइप उभा केला. लोक विचारू लागले तसा तो नकाशे विकू लागला. वाळवंटातला पाइप कोणाच्याही अंगणात येणार नव्हता. त्याचं वळण मात्र कागदावरून हव्या त्या अंगणात येऊ शकत होतं.

आणि ते यावंच लागलं. 1980 च्या आसपास विम्याचा भार झेपेना म्हणून अमेरिकेतली स्केटपार्क एकामागून एक बंद झाली. खेळ उरला तो घरामागच्या अंगणांतल्या लाकडी रॅम्पवर. नॉर्वेनं तर 1978 ते 1989 स्केटबोर्डवरच बंदी घातली होती. तिथल्या मुलांनी रानात, कोणाच्या नजरेस पडणार नाहीत असे रॅम्प बांधले. लाट, तलाव, पाइप आणि मग एक शीट प्लायवूड. दर टप्प्याला आकार घडवणारं मागे राहिलं आणि आकार पुढे आला.

परत आपल्या शीटकडे या. जिगसॉनं पहिली बाजू कापा. भुसा उडतो, लाकडाचा आणि डिंकाचा मिसळलेला वास येतो, करवतीचं पातं रेघेच्या किंचित बाहेरून चालतं. दुसरी बाजू आखायला आता दोरी लागत नाही. पहिली बाजू तिच्या जागी ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. खिळा कुठे होता हे ठाऊक नसलेला माणूसही ही दुसरी बाजू बिनचूक आखू शकेल. मात्र पहिलीत करवत कुठे हलली असेल तर ती खोटही दुसरीत उतरेल. म्हणून दोन्ही बाजू शिकंज्यात एकत्र धरा आणि कडेवरून पॉलिशपेपर फिरवा. डोळे मिटून तळहात फिरवून पाहा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो.

दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या करा, चार फुटांच्या रुंदीत. मध्ये दोन बाय चार इंची आडवे बॅटन, दर आठ इंचांवर एक. माथ्याजवळ थोडे अधिक दाट, कारण तिथे जास्त मार बसतो. प्रत्येक बॅटन ठोकला की गुण्या लावून पाहा. सगळे बसले की दोन पावलं मागे या. या सांगाड्यातले सगळे बॅटन सरळ आहेत. एकही लाकूड वाकवलेलं नाही. वळण आहे ते त्यांनी धरलेल्या जागांमध्ये.

आता वाकवायची वेळ. वरच्या पृष्ठभागासाठी 18 मिलिमीटरचं प्लाय घेतलं तर ते या वळणावर बसणार नाही, जोर केला तर मोडेल. म्हणून 6 मिलिमीटरची दोन शीटं, एकावर एक. जी जाडी एकदम वाकत नाही ती थराथरानं वाकते. पहिलं शीट तळाशी स्क्रूनं पक्कं करा. आता एकानं वरचं टोक धरावं, दुसऱ्यानं शीटवर अंगाचा भार टाकत हळूहळू वर सरकावं. लाकूड कुरकुरेल. कुरकुर ऐका, तिच्यावरून कळतं की थांबायचं की पुढे जायचं. थांबा, त्या ओळीतले स्क्रू बसवा, मग पुढचा बॅटन. प्रत्येक स्क्रूचं डोकं लाकडात किंचित बुडालं पाहिजे. वर राहिलेलं एखादं डोकं चाकाला अडवेल, आणि पडलेल्याचं कातडं सोलेल.

शीट बसलं. ते वाकलेलं दिसतंय, पण सरळ होण्याची त्याची ओढ गेलेली नाही. ती आत आहे आणि स्क्रू तिला सतत धरून आहेत. म्हणून रॅम्प बांधून संपत नाही. पावसाळ्यात तो झाकायचा, आणि पावसाळा संपला की गुडघ्यांवर बसून एकेक स्क्रू तपासायचा. सैल झालेला घट्ट करायचा, गंजलेला बदलायचा. मनातल्या रॅम्पवरही एकदा असा हात फिरवा.

तळाशी प्लायची जाडी जमिनीवर छोटीशी पायरी करते. तिथे पातळ पत्र्याची पट्टी बसवा, म्हणजे चाक अडखळणार नाही. माथ्याच्या कडेला लोखंडी पाइप, साधारण 60 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा. याला कोपिंग म्हणतात. तो पृष्ठभागाच्या दोन-तीन सूत पुढे राहिला पाहिजे, म्हणजे चाकाला आणि पायाला कळतं की वळण इथे संपलं. कॅलिफोर्नियातल्या त्या तलावांच्या काठावर काँक्रीटची गोल कड असे. तिच्या जागी हा पाइप आला. तलाव नाही, काठ आहे.

आता माथ्यावर चढा. हेल्मेट घाला, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधा, मनातही बांधा. बोर्डची शेपटी कोपिंगवर टेकवा आणि मागच्या पायानं ती दाबून धरा. बोर्डचा बाकीचा भाग पुढे हवेत तरंगतोय. खाली पाहा. जमिनीवरून तीन फुटांची उंची किरकोळ वाटत होती. इथून वाटत नाही.

श्वास चालू द्या. आणि श्रावणात, नागपंचमीला, झाडाला बांधलेला झोका आठवा.

झोक्यावर बसलेला माणूस ज्या वाटेनं जातो ती वर्तुळाची कड असते. दोरी त्याला फांदीकडे ओढून धरते, म्हणून तो सरळ खाली पडत नाही, वळतो. रॅम्पवरही वाट तीच. फरक एवढाच की झोक्यात दोरी वरून ओढते आणि रॅम्पमध्ये लाकूड खालून रेटतं. शरीराला दोन्हीकडे आधार मिळतो तो एकाच दिशेनं, केंद्राच्या दिशेनं. दोरी आपण आखणीनंतर सोडून दिली होती. तिचं काम आता प्लायवूड करतंय.

झोक्यावर बसलेल्याला मागे रेलायची भीती वाटत नाही, कारण दोरी हातात असते. तुमच्या हातात काही नाही. पायाखालचा उतार 60 अंशांचा आहे आणि शरीर अजून जमिनीच्या हिशेबानं उभं आहे. भीती सांगते: मागे राहा, ताठ राहा. पण मागे राहिलात तर बोर्ड पुढे निसटेल आणि तुम्ही पाठीवर पडाल. नवशिक्यांचं नेहमीचं पडणं हेच. बोर्डवर टिकायचं तर शरीर बोर्डशी काटकोनात हवं. म्हणजे पुढे, पोकळीत झुकायला हवं. म्हणजेच, दोरी असती तर ज्या रेषेत ताणली गेली असती, त्या रेषेत.

उपटलेला खिळा आठवा. त्याची जागा तुम्हाला ठाऊक आहे. पुढचा पाय बोर्डवर ठेवा, त्यावर सगळा भार टाका आणि डोकं त्या जागेकडे जाऊ द्या.

गेलात.

हा क्षण हवा तितका लांबवा. त्रिज्या 6 फूट आहे. तुमची उंची साडेपाच फूट असेल आणि तुम्ही गुडघे सरळ करून उभे राहिलात, तर तुमचं डोकं त्या केंद्रापासून जेमतेम अर्ध्या फुटावर असेल. खाली पाय मोठी वाट कापतात. डोकं जवळपास जागेवरच राहतं. शीटवर जो बिंदू मावला नव्हता, लाकडात ज्याला जागा नव्हती, तो स्वार आल्यावर त्याच्या डोक्याशी आला. रॅम्प रिकामा असताना केंद्र हवेत असतं. कोणी उतरतो तेव्हा ते त्याच्या अगदी जवळ असतं, आणि ते शोधत बसलेला माणूस पडतो. बोर्डशी काटकोनात राहणारा न शोधता त्याच्यापाशी पोचतो.

वळणाच्या तळाशी येताना अंग जड होईल. 60 अंशांवरून सुटलेल्या झोक्यात, घर्षण सोडलं तर, तळाच्या बिंदूवर वजन बरोबर दुप्पट भासतं. दोरी लांब असो की आखूड. रॅम्पवर हिशोब जवळपास तोच. पन्नास किलोच्या मुलीच्या पायांना शंभर किलो जाणवतात. हा जडपणा म्हणजेच लाकडानं दिलेलं वळण. तुम्ही सरळ जाऊ पाहताय, ते जाऊ देत नाहीये. त्या जडपणाशी भांडू नका. गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि तो अंगातून जाऊ द्या. मग जमीन सपाट होते, वजन पूर्ववत होतं, चाकांचा आवाज बदलतो.

आता समोर, सपाट जागेपलीकडे, असाच दुसरा रॅम्प उभा करा. सुरुवातीच्या हाफ पाइपांना मध्ये सपाट पट्टा नसे. 1980 च्या सुमारास तो ठेवायची रीत पडली, म्हणजे स्वाराला तोल सावरायला उसंत मिळते. एका रॅम्पवरून उतरा, समोरच्यावर चढा, तिथून मागे या. काही न करता नुसते उभे राहिलात तर काय होईल ते नीट पाहा. दर खेपेला चढ थोडा कमी भरेल. बेअरिंग, चाकं, हवा, प्लायवूडचा खरखरीतपणा, सगळे आपापला वाटा घेतील. थोड्याच वेळात तुम्ही मधल्या सपाट पट्ट्यावर स्थिर उभे असाल. वळण बिनचूक असूनही.

झोका वाढवायचा असतो तेव्हा मुली काय करतात? टोकाला गेल्या की खाली बसतात आणि तळातून जाताना उभ्या राहतात. रॅम्पवर याला पंपिंग म्हणतात. वळणात शिरताना गुडघे वाकवायचे आणि वळणातून जात असताना सरळ करायचे. सपाट जमिनीवर कितीही उठबस केली तरी वेग वाढत नाही. तो वाढतो फक्त वळणात, जिथे वजन जास्त भासतं तिथे, कारण तिथे उठायला जास्त बळ लागतं आणि ते बळ वेगात जमा होतं. जिथे उभं राहणं सगळ्यात जड, तिथेच उभं राहायचं.

आता रॅम्प बाजूला ठेवा आणि स्वतःकडे या. लहानपणी लागलेलं एखादं वळण आठवा. पानात काही न टाकण्याचं असेल, हिशोब त्याच दिवशी लिहून ठेवण्याचं असेल, रागात असताना न बोलण्याचं असेल. ते कोणीतरी आखलं होतं. आखताना दोरी ताणलेली होती आणि ती तुम्हाला तेव्हा काचली असेल. ते माणूस आज जवळ असेल किंवा नसेल. वळण आहे आणि तुम्हाला खालून तोलून धरतंय. याबद्दल मनात जे उठेल ते उठू द्या. त्याला कृतज्ञता म्हणायची सक्ती नाही. काही वळणांत करवत हललेली असते, तेही दिसू द्या.

पण तिथेच थांबू नका. उत्तम आखलेलं वळणसुद्धा वेग देत नाही, आलेला वेग फिरवून देतं. वेग रोज थोडा झिजतो. तो आखणाऱ्यानं भरून द्यायचा नसतो, त्याला देताही येणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी अंग जड झालं की ओळखा, आपण वळणात आहोत. आणि गुडघे सरळ करा.